जहाजाच्या ग्रीक मुळांवरून इंग्रजी शब्द कसे शिकावेत

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ केल्या की त्या परीक्षेपर्यंत कशाबशा टिकतात आणि नंतर पुसल्या जातात. मुळं धरून शिकलेले शब्द मात्र टिकतात, कारण एक विसरला तरी त्याचे भाऊबंद त्याला ओढून आणतात. सुरुवात कुठल्या मुळांपासून करावी असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी ग्रीकांच्या जहाजांपासून करायला सांगते. ग्रीक लोक बेटांवर आणि किनाऱ्यांवर वाढलेले. त्यांचा व्यापार, त्यांच्या लढाया, त्यांच्या वसाहती, सगळं जहाजावर चालायचं. म्हणून जहाज, खलाशी, सुकाणू, डोलकाठी, नांगर यांचे त्यांचे शब्द पुढे राज्यकारभारात, इस्पितळात, अंतराळात आणि संगणकातही जाऊन बसले. मराठी माणसाला इथे आणखी एक सोय आहे. ग्रीकांचा जहाजासाठीचा मुख्य शब्द आपल्या 'नावे'चा, म्हणजे होडीचा, सख्खा चुलत भाऊ आहे.

खालची पद्धत जहाजाच्या मुळांवर बेतलेली आहे. ती एकदा हातात बसली की वैद्यकाची असो वा कायद्याची, कुठलीही शब्दावली तिने उकलता येते.

काय हाताशी हवं

एक जाड वही, प्रत्येक मुळाला निदान दोन पानं मिळतील अशी. व्युत्पत्ती देणारा एक इंग्रजी कोश: मेरियम-वेबस्टर किंवा एटिमॉनलाईन, दोन्ही मोबाईलवर फुकट पाहता येतात. आणि मराठी बाजूसाठी मोल्सवर्थचा कोश. त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, पण आजही तो ऑनलाईन शोधता येतो आणि शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला की अरबीतून, याची खूण तो शब्दापुढे कंसात देतो. ग्रीक लिपी यायलाच हवी असं नाही. आली तर दोन आठवड्यांत येते आणि कामाला उपयोगी पडते, एवढंच.

पायरी पहिली: व्युत्पत्तीचा उतारा नीट वाचा

कोशात अर्थाच्या खाली बारीक टाइपात जो उतारा असतो तो बहुतेक जण ओलांडून जातात. आपल्याला तिथेच थांबायचं आहे. 'नॉशिया' हा शब्द घ्या. अर्थ मळमळ. उतारा सांगतो की इंग्रजीने तो लॅटिनमधून घेतला, लॅटिनने ग्रीकमधून. ग्रीकमध्ये 'नाउसिया' म्हणजे समुद्रप्रवासात होणारी मळमळ, आणि त्याच्या मुळाशी 'नाउस', म्हणजे जहाज. आपण मराठीत 'बोट लागली', 'गाडी लागली' म्हणतो, तिथेही आजाराला वाहनाचंच नाव देतो. मुंबईहून कोकणात बोटीने जाणाऱ्यांच्या बोलण्यात 'बोट लागणं' हे रोजचं होतं. ग्रीकांनी केलं ते हेच. पुढे जहाज मागे पडलं आणि कुठल्याही मळमळीला तो शब्द चालू लागला.

उताऱ्यातल्या तीन खुणा ओळखता आल्या पाहिजेत. 'फ्रॉम' असेल तर तो शब्द त्या भाषेतून आला, म्हणजे वंशज आहे. 'अकिन टु' किंवा 'कॉग्नेट विथ' असेल तर दोघांचा पूर्वज एक आहे, एकातून दुसरा निघालेला नाही. आणि एखाद्या रूपाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी पुराव्यावरून बांधलेलं आहे. याखेरीज 'परहॅप्स' आणि 'प्रॉबेब्ली' हे शब्द गिळून टाकू नका. उदाहरणार्थ, गोंगाट या अर्थाचा 'नॉइज' हा शब्द 'नॉशिया'च्याच लॅटिन रूपातून फ्रेंचमार्गे आला असं पुष्कळ कोश मानतात, पण सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. वहीत अशा शब्दापुढे प्रश्नचिन्ह घाला.

पायरी दुसरी: एक मूळ घ्या आणि त्याचं घराणं मांडा

'नाउस' म्हणजे जहाज, त्यावरून 'नाउतेस' म्हणजे खलाशी. इंग्रजीत हे मूळ बहुधा एन-ए-यू-टी अशा स्पेलिंगने दिसतं. पानाच्या मधोमध 'नाउतेस' लिहा आणि भोवती शब्द मांडत जा.

नॉटिकल म्हणजे नौकानयनाविषयीचं. नॉटिकल माईल म्हणजे सागरी मैल, बरोबर 1852 मीटर. हे माप 1929 साली मोनॅकोतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं. भारताचा प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे 22.2 किलोमीटर, हे वर्तमानपत्रात वाचताना आता नुसता आकडा राहणार नाही. नॉटिलस हा शंखवाला सागरी जीव, ग्रीक अर्थ खलाशीच. अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी याच नावाची होती आणि 1958 साली ती उत्तर ध्रुवाखालून गेली. आर्गोनॉट म्हणजे 'आर्गो' नावाच्या जहाजावरचे खलाशी, जेसनबरोबर सोनेरी लोकर आणायला निघालेले ग्रीक पुराणातले वीर.

इथून शब्द हवेत गेला. 1783 साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंचा फुगा माणसांना घेऊन वर चढला आणि अशा प्रवाशांना फ्रेंचांनी 'हवेतले खलाशी' या अर्थाचं नाव दिलं. इंग्रजीतला एरोनॉट तोच. मग तारे या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून ॲस्ट्रोनॉट. विश्व या अर्थाच्या 'कॉस्मोस'वरून सोव्हिएत संघाचा कॉस्मोनॉट. राकेश शर्मा 3 एप्रिल 1984 रोजी सोयुझमधून गेले, म्हणून त्या वेळच्या इंग्रजी बातम्यांत ते कॉस्मोनॉट होते. चिनी अंतराळवीरांना इंग्रजी पत्रकार टायकोनॉट म्हणतात आणि आपल्यांसाठी व्योमनॉट हा शब्द चालतो. शेवटच्या शब्दात डोकं संस्कृत आणि शेपूट ग्रीक आहे. मला तो आवडतो, कारण त्या शेपटातलं मूळही संस्कृतला परकं नाही.

याच घराण्याच्या शेजारी लॅटिन घराणं राहतं. लॅटिनमध्ये जहाज म्हणजे 'नाविस'. नेव्ही, नेव्हल, नॅव्हिगेट, नॅव्हिगेशन, सर्कमनॅव्हिगेट हे सगळे तिकडचे. वहीत त्यांना वेगळं पान द्या. ओळखायची साधी खूण: यू-टी दिसलं तर ग्रीक, व्ही दिसलं तर लॅटिन.

पायरी तिसरी: सांधा शोधा

जोडशब्द कुठे तोडायचा हे कळलं की अर्धं काम होतं. ग्रीक जोडशब्दांत दोन तुकड्यांच्या मधे बहुतेक वेळा 'ओ' असतो: ॲस्ट्र-ओ-नॉट, एर-ओ-नॉट, कॉस्म-ओ-नॉट. लॅटिन शब्दांत तिथे 'आय' येतो, जसा नॅव्हिगेटमध्ये. पाण्याखाली राहून काम करणारा एक्वानॉट मात्र 'ओ'शिवाय आहे, कारण त्याचं डोकं लॅटिन आहे. आर्गोनॉटमधला 'ओ' सांध्याचा नाही, तो जहाजाच्या नावातलाच आहे. असे अपवाद वहीत वेगळ्या शाईने लिहावेत. खूण आंधळेपणाने लावायची नाही हे ते आठवून देतात.

ग्रीक शब्द ओळखायच्या आणखी काही खुणा आहेत. शब्दाच्या पोटात स्वर म्हणून आलेला वाय, 'फ'साठी पी-एच, 'क'साठी सी-एच. यातल्या वायची गोष्ट पाचव्या पायरीवर येईल. सी-एचचा एक फसवा नमुना आत्ताच सांगते. अँकर म्हणजे नांगर, ग्रीक 'आन्क्युरा', लॅटिन 'अँकोरा'. ग्रीकमध्ये इथे साधा 'क' आहे. स्पेलिंगमधला एच नंतरच्या लेखकांनी, शब्द जास्त ग्रीक दिसावा म्हणून, चुकीनेच घुसवला आणि तो आजवर राहिला. टीव्हीवर बातम्या देणारा अँकरही हाच. आन्क्युराच्या मुळाचा अर्थ वाकलेलं. संस्कृतातला 'अंक' म्हणजे अडकवायचा आकडा, बाक, हा त्याचा नातेवाईक. तुर्कस्तानची राजधानी अंकारा, तिचं जुनं नाव याच शब्दाचं.

पायरी चौथी: नुसतं सारखं दिसणारं बाजूला काढा

मुळं शोधायची गोडी लागली की माणसाला सगळीकडे मुळं दिसायला लागतात. म्हणून ही पायरी मी फार महत्त्वाची मानते.

'जगरनॉट' हा शब्द पाहा. स्पेलिंगच्या शेवटी तेच एन-ए-यू-टी, पण खलाशाचा संबंध नाही. तो पुरीचा जगन्नाथ आहे. रथयात्रेतल्या प्रचंड रथाची वर्णनं युरोपात पोचली आणि वाटेत येईल ते चिरडत जाणाऱ्या शक्तीला इंग्रजीत हे नाव पडलं. 'ड्रेडनॉट' ही 1906 साली ब्रिटनने पाण्यात सोडलेली युद्धनौका, म्हणजे विषय जहाजाचाच. पण शब्द 'ड्रेड' आणि 'नॉट' असा फुटतो, दुसरा तुकडा 'काहीही नाही' या अर्थाचा अस्सल इंग्रजी: कशालाच न भिणारी. कंपनीच्या काळातल्या इंग्रजांच्या लेखनात येणारा 'नॉच' हा तर आपला नाच. आणि खोडकर या अर्थाचा 'नॉटी' ड्रेडनॉटमधल्या त्याच 'काहीही नाही'वरून आलेला.

आता समाजमाध्यमांवर फिरणारा एक दावा. 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'वरून आला आणि 'नेव्ही' हा 'नौ'वरून, असं ठासून सांगणारे संदेश तुमच्याकडेही आले असतील. यातलं खरं काय आणि चूक काय हे नीट समजून घ्या. 'नॅव्हिगेट' लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'अगेरे' म्हणजे हाकणं या दोन तुकड्यांचा आहे. लॅटिनमध्ये हा शब्द ख्रिस्तपूर्व काळापासून लिहिलेला सापडतो आणि इंग्रजीत सोळाव्या शतकात आला. मधे संस्कृतचा मुक्काम कुठेच नाही. नातं मात्र आहे, आणि जवळचं आहे. संस्कृत 'नौ', ग्रीक 'नाउस', लॅटिन 'नाविस' ही एकाच आजोळची नातवंडं. 'अगेरे'लासुद्धा संस्कृतात 'अज्' म्हणजे हाकणं असा धातू भावंड म्हणून आहे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकाच उगमातून, बहुधा आता नष्ट झालेल्या उगमातून, निघाल्या असाव्यात असं मांडलं, ते अशाच साम्यांवरून. भावंडाला आई म्हटल्याने संस्कृतचा मान वाढत नाही. खरं नातं झाकलं जातं, आणि ते त्या दाव्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

म्हणून वहीत दोन वेगळे बाण वापरा. वंशजासाठी सरळ उतरता बाण, भावंडासाठी आडवी दुहेरी रेघ. 'नाउस' आणि मराठी 'नाव' यांच्यामधे आडवी रेघ. 'नौका', 'नाविक', 'नावाडी' आपल्या बाजूला. कोळीवाड्यात होडीच्या मालकाला 'नाखवा' म्हणतात, तो फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. त्यातला 'ना' हाही याच कुळाचा. (माणसाचं 'नाव' मात्र 'नाम'वरून आलेलं, त्याला इथे घेऊ नका.)

पायरी पाचवी: प्रवासात चेहरा बदललेले शब्द ओळखा

ग्रीकमध्ये सुकाणू धरणं म्हणजे 'क्युबेरनान' आणि सुकाणू धरणारा 'क्युबेरनेतेस'. लॅटिनने तो घेतला तेव्हा 'गुबेरनारे' झाला. जुन्या फ्रेंचमध्ये ब चा व झाला, आणि तिथून इंग्रजीत 'गव्हर्न' आला. क चा ग, ब चा व: ऐकायला दूरचं वाटतं, पण मराठीच्या कानाला यात नवीन काही नाही. आपण 'प्रकट'चं 'प्रगट' केलं, 'कपाट'चं 'कवाड' केलं. ओठांनी उच्चारायचा वर्ण दोन स्वरांच्या मधे सापडला की तो सैल होऊन व कडे सरकतो, फ्रान्समध्येही आणि महाराष्ट्रातही.

म्हणजे गव्हर्नमेंट हे सुकाणू आणि गव्हर्नर हा सुकाणू धरणारा. राज्याला जहाज मानून राज्यकर्त्याला सुकाणूवर बसवायची कल्पना ग्रीकांचीच. प्लेटोच्या लेखनात ती वारंवार येते. अमेरिकेत राज्याच्या गव्हर्नरच्या निवडणुकीला 'गुबर्नटोरियल' म्हणतात. नाम 'गव्हर्नर' आणि विशेषण असं वेगळंच का, हा प्रश्न मुलांना पडतो. नाम फ्रेंचमार्गे आलं, विशेषण थेट लॅटिनवरून घडवलं, इतकंच त्याचं उत्तर.

शेतावरच्या डिझेल इंजिनात गव्हर्नर असतो हे गावातल्या मेस्त्रीला राज्यपालांइतकंच ठाऊक असतं. इंजिनावरचा भार कमी झाला की वेग वाढू लागतो. मग फिरती वजनं बाहेर फेकली जातात, त्यांना जोडलेला दांडा सरकतो, डिझेल कमी सुटतं आणि वेग पुन्हा जागेवर येतो. जेम्स वॉटने 1788 साली वाफेच्या इंजिनाला असाच गव्हर्नर बसवला. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 साली या गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहिला. आणि 1948 साली नॉर्बर्ट वीनर यांनी यंत्रं आणि प्राणी यांच्यातल्या नियंत्रणाच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' नाव दिलं, ते मॅक्सवेलच्या त्या निबंधाची आठवण ठेवून. 'गव्हर्नर' ज्या ग्रीक शब्दाचं बदललेलं रूप आहे तोच शब्द त्यांनी मूळ रूपात परत आणला. त्याचं डोकं तोडून 'सायबर' झालं. 'सायबरस्पेस' 1982 च्या एका विज्ञानकथेतून आला आणि आज जिल्ह्याजिल्ह्यात सायबर पोलीस ठाणी आहेत.

आता वाय. ग्रीकांचं जे अक्षर ऊ आणि ई यांच्या मधल्या उच्चाराचं होतं, ते रोमन लोक काही शब्दांत यू ने लिहीत, पुढे वाय ने लिहू लागले. म्हणून गुबेरनारेमध्ये 'उ' आणि सायबरमध्ये वाय. 2014 साली गूगलने संगणकीय कामांचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमची बांधलेली गाठोडी, हाताळणारी प्रणाली जाहीर केली आणि तिला 'कुबरनेटीस' नाव दिलं. तिथे पुन्हा क आणि यू परत आले. तिच्या बोधचिन्हात जहाजाचं चाक आहे. पुण्या-हिंजवडीत जे तरुण रोज 'के-एट्स' म्हणतात, ते पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमधली आठ अक्षरं मोजून केलेलं संक्षिप्त रूप आहे. तिच्या जोडीला वापरतात ती 'इस्टिओ' प्रणाली. ग्रीकमध्ये इस्टिओ म्हणजे शीड.

एकाच ग्रीक खलाशापासून राज्यपाल, डिझेल इंजिनाचा भाग, सायबर गुन्हा आणि कुबरनेटीस. वहीत हे पान सगळ्यात आधी भरतं.

पायरी सहावी: अर्थ कुठे वळला ते लिहा

काही शब्दांचं रूप फारसं बदलत नाही, अर्थ दूर जातो. तिथे जुना आणि नवा अर्थ यांना जोडणारी मधली कडी शोधून लिहायची. कडी सापडली की शब्द कायमचा पक्का होतो.

शिडावरून आठवलं म्हणून डोलकाठी आधी. ग्रीक 'हिस्तोस' म्हणजे उभं केलेलं लाकूड: जहाजाची डोलकाठी, आणि मागाचा उभा खांबही. खांबावरून तो अख्ख्या मागाचा झाला, मागावरून विणलेल्या कापडाचा. शरीर ज्या पेशींच्या विणीने बनलेलं असतं तिच्या शास्त्राला एकोणिसाव्या शतकात 'हिस्टॉलॉजी' नाव मिळालं. बायोप्सी झाली की घरी येतो तो 'हिस्टोपॅथॉलॉजी'चा रिपोर्ट, आणि सर्दीत घेतो त्या गोळीतल्या 'अँटिहिस्टॅमिन'मध्येही हाच तुकडा. मराठी पाठ्यपुस्तकात टिश्यूला 'ऊती' म्हणतात, आणि संस्कृतात ऊती म्हणजे विणणं. इंग्रजी 'टिश्यू'ही फ्रेंचमधल्या विणलेल्या या अर्थाचाच. हिस्तोसचं मूळ उभं राहणं, आपला 'स्था' धातू. तिथे आडवी दुहेरी रेघ.

'स्काफे' म्हणजे कोरून केलेली होडी. मनगटात अंगठ्याच्या बाजूला होडीच्या आकाराचं हाड असतं, ते 'स्कॅफॉइड'. घसरून पडताना आपण हात पुढे टाकतो तेव्हा मोडतं ते पुष्कळदा हेच, आणि पहिल्या एक्स-रेत ते मोडणं कधी कधी दिसत नाही. पायातही असंच होडीसारखं हाड आहे. त्याचं नाव 'नॅव्हिक्युलर', म्हणजे लॅटिनमध्ये छोटं जहाज. हातात ग्रीक होडी, पायात लॅटिन: वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी हे असं लक्षात ठेवलं तर दोन्ही हाडांची अदलाबदल होत नाही.

'पायलट' फार वळणांचा आहे. ग्रीक 'पेदोन' म्हणजे वल्ह्याचं पातं. सुकाणूसाठी वापरायचं वल्हंही. त्यावरून मध्ययुगीन ग्रीकमधलं एक रूप बांधलं जातं, कोशात त्यावर तारांकन असतं. ते इटालियनमध्ये 'पेदोता', मग 'पिलोता' झालं, तिथून फ्रेंच, मग इंग्रजी. जहाजाला बंदरात वाट दाखवणारा तो पायलट. मुंबई बंदरात मोठं जहाज येताना आजही पायलट होडीने जाऊन त्यावर चढतो. विमानवाला त्यानंतरचा. आणि गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून तुम्हाला बाजारात सोडणारा तोही पायलट. पेदोनचं मूळ पाय, म्हणजे आपलं 'पद'.

'पेलागोस' म्हणजे खुला समुद्र. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात थव्याने राहणारे मासे, आपले तारली आणि बांगडा, हे मत्स्यशास्त्रात 'पेलॅजिक'. 'आर्किपेलॅगो' म्हणजे मूळचा मुख्य समुद्र. इटालियन खलाशी एजियन समुद्राला तसं म्हणत. त्या समुद्रात बेटांची दाटी, म्हणून नाव समुद्रावरून बेटांच्या समूहावर सरकलं. आता लक्षद्वीप हा आर्किपेलॅगो आहे.

'थलास्सा' म्हणजे समुद्र. थॅलेसेमियामध्ये त्याला रक्त या अर्थाचा तुकडा जोडला आहे. 1932 साली अमेरिकेत हे नाव सुचवलं गेलं, कारण तोवर नोंदलेले रुग्ण बहुतेक भूमध्य समुद्राकाठच्या कुटुंबांतले होते. भारतातही या आजाराचे वाहक पुष्कळ आहेत आणि त्यांचा समुद्रकाठाशी संबंध असेलच असं नाही. आजाराचं नाव ते देणाऱ्यांना त्या वेळी काय दिसलं एवढंच सांगतं. वैद्यकीय शब्द उकलताना मुळाच्या अर्थाला आजाराची व्याख्या समजू नका.

आणि 'एम्पोरियम'. ग्रीक 'एम्पोरोस' म्हणजे दुसऱ्याच्या जहाजातून जाणारा प्रवासी, पुढे व्यापारी. त्याची जागा ती 'एम्पोरियोन', व्यापारी बंदर. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती 'पेरिप्लस' नावाने ओळखली जाते. पेरि म्हणजे भोवती, प्लूस म्हणजे जलप्रवास. संस्कृत 'प्लव' म्हणजे तरंगणं, तराफा, त्याचंच भावंड. त्यात बारिगाझा म्हणजे भरुच, सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण आणि सेमिल्ला म्हणजे चौल ही बंदरं आहेत. घाटावरची पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथून माल कसा उतरतो हेही आहे. कल्याणचं वर्णन तो एम्पोरियोन म्हणून करतो, आणि त्या वेळी तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जात असं नोंदवतो. कल्याणच्या बाजारात आज 'साडी एम्पोरियम'ची पाटी दिसली तर त्या पाटीवरचा शब्द या बंदरासाठी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी वापरून झालेला आहे.

पायरी सातवी: वहीचं पान असं भरा

प्रत्येक शब्दाला पाच ओळी पुरतात. नमुना म्हणून 'स्कॅफॉइड':

शब्द आणि उच्चार: स्कॅफॉइड.
तुकडे: स्कॅफ (होडी) + ऑइड (सारखं दिसणारं).
वाट: ग्रीक, मग वैद्यकाची नवी लॅटिन, मग इंग्रजी.
मधली कडी: होडीसारखा आकार.
माझं वाक्य: सामन्यात झेल घेताना पडला आणि त्याचं स्कॅफॉइड मोडलं.

शेवटची ओळ कधी सोडू नका. वाक्य तुमच्या आयुष्यातलं असावं, कोशातलं उतरवलेलं नको. इंग्रजीची तयारी करत असाल तर तेच वाक्य इंग्रजीतही लिहा. पाठ करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वही उघडून फक्त मूळ वाचा आणि शब्द हाताने झाकून आठवून पाहा. जे आठवत नाहीत त्यांच्या मधल्या कडीला काहीतरी कमी आहे. ती ओळ पुन्हा लिहा.

एका दिवशी एकच मूळ घ्यावं. नाउस, क्युबेरनान आणि हिस्तोस ही तीन आधी पुरी करा, कारण त्यांचे वंशज रोजच्या वापरात सगळ्यात जास्त सापडतात. पेलागोस आणि थलास्सा नंतर घेतले तरी चालतील.

पायरी आठवी: अनोळखी शब्दावर हात चालवून पाहा

'बॅथिस्केफ'. वाय पोटात आहे आणि पी-एच आहे, म्हणजे ग्रीक असण्याचा संशय घ्या. शेपूट ओळखीचं, होडी. 'बॅथिस' म्हणजे खोल. खोल पाण्यात जाणारी होडी. कोशात पाहा: हे वाहन ऑग्युस्त पिकार यांनी बनवलं आणि 23 जानेवारी 1960 रोजी 'त्रिएस्ते' नावाच्या बॅथिस्केफमधून त्यांचा मुलगा झाक आणि डॉन वॉल्श हे दोघे मारियाना गर्तेच्या तळाशी पोचले.

'सायबरनॉट' म्हणजे इंटरनेटवर फिरणारा. दोन्ही तुकडे तुम्हाला येतात: सुकाणू धरणारा आणि खलाशी.

'पाँटून' म्हणजे होड्या जोडून केलेला पूल. इथे सावध राहा. ग्रीकमध्ये समुद्रासाठी 'पोंतोस' असा शब्द आहे आणि तो आठवेल, पण पाँटून लॅटिनमधल्या पूल या अर्थाच्या शब्दावरून आलेला. दोघे भावंडं आहेत आणि संस्कृतातला 'पंथ', म्हणजे वाट, हा त्यांचा तिसरा भाऊ. म्हणून वहीत उतरता बाण लॅटिनवरून काढा, आणि पोंतोसकडे व पंथाकडे आडव्या रेघा.

'गॅली' स्वतः सोडवा. पुस्तकाची 'गॅली प्रूफं' तपासणाऱ्यांनी हा शब्द हजारदा लिहिला असेल. कोशात पाहताना वल्ह्यांनी चालणारं जहाज, विमानातलं स्वयंपाकघर आणि छापखान्यातला खिळे जुळवायचा तसराळा या तिघांची वाट कुठे एकत्र येते ते शोधा, आणि ग्रीकच्या मागे कोश कुठे थांबतो तिथे प्रश्नचिन्ह घाला.